मुलगा फरार

रेवणप्पा मास्तरांचं अक्षर चांगलं होतं, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

अक्षर वाईट असलेला माणूस गप आपल्या घरी बसतो. मास्तरांना ती सोय नव्हती. अठ्ठावीस वर्षं त्यांनी निजाम सरकारच्या मदरशात पोरांना उर्दू शिकवलेली. पेन्शनीत निघाले तरी टाकाला काही पेन्शन मिळाली नाही. अणदुरात कुणाची म्हैस चुकली, कुणाच्या बांधावरची बाभळ शेजाऱ्यानं तोडली, की माणूस आधी मास्तरांच्या ओट्यावर यायचा. मास्तर चष्मा पुसायचे, टाक बुडवायचे आणि 'ब-खिदमत जनाब तहसीलदार साहेब' असं काही देखणं काढायचे, की ज्याची म्हैस गेली तोसुद्धा म्हणायचा, "म्हशीचं जाऊ द्या मास्तर, पर अर्ज काय झालाय म्हाराजा!" म्हैस सापडली की नाही याची चौकशी मास्तरांनी कधी केली नाही. ते त्यांचं खातं नव्हतं.

तर अशा माणसाच्या डोक्यात एके दिवशी लोककल्याण शिरलं. जर्मनची लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, साखर दिसत नव्हती, आणि गावच्या चावडीत कोंडीराम गाडीवान मांडीचं हाड मोडून पडला होता. त्याला ना बायको ना पोर. जाता-येता कुणी भाकरी टाकायचं, कुणी पाणी द्यायचं, आणि बाकी सगळे सल्ला द्यायचे. दुसरी इरम्मा. डोळ्यांनी आंधळी, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, एकेका घरी एकेक दिवस जेवायची. मठाच्या मागची लांबलचक ओवरी तर रिकामीच होती, तिच्यात फक्त कबुतरं आणि मोडका रथ. मास्तरांना वाटलं, इथं चार खाटा टाकाव्यात, एक बाई ठेवावी, आणि ज्यांना उठता-बसता येत नाही अशांची सेवा करावी. विचार चांगलाच होता. त्याबद्दल मास्तरांना पुढंही कुणी कधी दोष दिला नाही.

मठाच्या स्वामींनी ओवरी दिली. गावानं ज्वारी दिली, जुनी वाकळ दिली, आणि सल्ला तर पोत्यानं दिला. समोरचे किराणा दुकानदार धोंडप्पा यांनी न विचारता सल्ला दिला नाही असा त्यांच्या आयुष्यात एक दिवस गेला नव्हता. ते म्हणाले, "मास्तर, माझं ऐका. खाटांची डोकी पूर्वेला करा." मास्तरांनी पूर्वेला केली. मग मठातले पुजारी अय्या आले आणि म्हणाले, दाराकडं पाय आले, हे बरं नव्हं. मास्तरांनी खाटा फिरवल्या. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की आता पाय स्वामींच्या समाधीकडं झाले. पुन्हा फिरवल्या तर डोकी उत्तरेला आली, आणि उत्तरेला डोकं करून कोण निजतं ते सगळ्यांना ठाऊक. शेवटी चारही खाटा अशा तिरप्या लागल्या की मधून जाणाऱ्याची नडगी फुटल्याशिवाय राहीना.

"आवं, म्हातारी मानसं निजायची हायत का दिशा मोजायच्या हायत?" असं ओरडली ती कडूबाई. ही माकणीची. चाळीस वर्षं बाळंतपणं केलेली, उंच, काळी, तोंडानं फटकळ. मास्तरांनी तिला ओवरी सांभाळायला आणलं तेव्हा ती म्हणाली, "मानसं जल्माला घालायचं काम लई झालं. आता दुसऱ्या टोकाला काय हुतंय ते बगू." तिनं आल्या आल्या कबुतरं हाकलली, रथ बाहेर ओढायला लावला आणि खाटा सरळ केल्या. डोकी कुठं आली ते तिनं पाहिलंच नाही.

इथवर सगळं ठीक होतं. इथंच थांबायला हवं होतं. पण काम झालं आणि त्याचा अर्ज नाही, हे मास्तरांना कसं सोसावं? ते म्हणाले, "सरकारची मंजुरी पायजे. रीतसर." शरणम्मा, म्हणजे त्यांची बायको, चुलीपासूनच म्हणाली, "म्हातारीला पाणी पाजायला सरकार कशाला लागतंय?" मास्तर म्हणाले, "तुला कळायचं न्हाय." हे वाक्य ते घरात दिवसातून पाच-सहा वेळा वापरत, आणि त्यातलं निदान एकदा तरी चुकीच्या जागी.

तालुक्याच्या कचेरीत पेशकार म्हणून एक गृहस्थ होते. पान खायचे, आणि अर्ज वाचताना डोळे मिटायचे. त्यांनी डोळे मिटून विचारलं, "मास्टरसाब, चार-चार लोग रोज एक जागी बसणार. जलसा तर नाही ना?" जलसा म्हणजे सभा, आणि त्या दिवसांत चार माणसं जमली की सरकारला शंका यायची. "कशाबद्दल बोलणार ही माणसं?"

"गुडघ्यांबद्दल, साहेब."

"रोज?"

"जी. रोज."

पेशकारांनी एक डोळा उघडून मास्तरांकडं पाहिलं आणि जलशाचं कलम वगळलं. पण पुढची अडचण मोठी निघाली. कचेरीत अशा जागेसाठी दोनच रकाने होते, एक दवाखाना आणि दुसरा मोहताजखाना. दवाखान्याला डॉक्टर लागतो. मोहताजखान्याला फक्त मोहताज लागतात, म्हणजे ज्यांना जगात कुणी नाही अशी माणसं. मास्तरांनी घातलेलं 'शरण-सेवा-घर' हे नाव कुठल्याच रकान्यात बसेना. चार खेपा झाल्या, बैलगाडीनं कंबर मोडली, आणि शेवटी मंजुरी आली ती मोहताजखान्याची. अटी तीन. रजिस्टर ठेवायचं, त्यात प्रत्येकापुढं 'लावारिस' असं लिहून मोहतमिमानं सही करायची, आणि मुआइन्याच्या दिवशी, म्हणजे पेशकार तपासायला येतील तेव्हा, किमान चार माणसं हजर पाहिजेत.

मोहतमीम म्हणजे व्यवस्थापक, म्हणजे मास्तर. हा शब्द वाचून ते इतके खूष झाले की लावारिस हा शब्द त्यांनी तितक्या नीट वाचलाच नाही. परत येताना गाडीवानाला त्यांनी तीनदा सांगितलं, "आता मला मोहतमीम म्हणायचं." गाडीवान म्हणाला, "व्हय मास्तर."

आता माणसं किती? कोंडीराम, इरम्मा आणि एक ठार बहिरी सिताबाई. झाले तीन. चौथं माणूस मिळेना. गावात म्हातारी माणसं काय कमी होती? घरोघरी होती. कुणाची गोठ्यात खाट होती, कुणाची जिन्याखाली. पण मास्तर विचारायला गेले की पोरं अंगावर यायची. धोंडप्पांची आई चार वर्षं दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत गुळाच्या ढेपांशेजारी पडलेली. पण मास्तरांनी नुसतं नाव काढलं तर धोंडप्पा लालबुंद. "आमची आई काय रस्त्यावर पडलीया का मास्तर? लोक काय म्हनतील?" तेव्हा मास्तर घरी येऊन शरणम्माला म्हणाले, "बघ, लोकलाजेपायी माणूस आईचे हाल करतो. अज्ञान, दुसरं काय!" हे त्यांचं वाक्य शरणम्मानं लक्षात ठेवलं. तिनं ते नंतर कधी बोलून दाखवलं नाही, पण मास्तरांना माहीत होतं की तिच्या लक्षात आहे.

मुआइना उद्यावर आला. सकाळी मास्तर आईच्या खाटेशी जाऊन उभे राहिले. लक्ष्मम्मा, वय बहात्तर. सगळं घर तिला अव्वा म्हणायचं. बारीक अंगाची, दातांशिवाय हसणारी. वर्षभरापासून तिचे हात कापायला लागले होते.

या हातांचं आधी सांगायला पाहिजे. अव्वा लिंगपूजा केल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नव्हती, लग्न होऊन आली त्या दिवसापासून. आंघोळ करायची, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, भस्म, बेलाचं पान वाहायचं, आणि एकटक बघत बसायचं. पूर्वी घटकाभरात व्हायचं. हात कापायला लागल्यापासून दुपार व्हायला लागली. हातावरून लिंग घसरलं तर काय, या भीतीनं ती दार लोटून घ्यायची, जात्यावर कोपर टेकवायची आणि जीव मुठीत धरून पूजा करायची. शरणम्माला वाटायचं, सासूबाईंचं ध्यान वाढलंय. मास्तरांना काहीच वाटायचं नाही, कारण त्या वेळेला ते ओट्यावर अर्ज लिहीत असायचे.

"अव्वा," मास्तर म्हणाले, "एक दिवस मठात बसशील का? सायब येनार हायत. एकच दिवस."

"चल की," अव्वा म्हणाली. काय, कशाला, काही विचारलं नाही.

मास्तरांनी रजिस्टर उघडलं आणि चौथ्या ओळीवर आईचं नाव लिहिलं. पुढं, आपल्या सगळ्यात सुंदर अक्षरात, 'लावारिस' लिहिलं आणि खाली सही केली. शरणम्मा पाहत होती. तिला उर्दू येत नव्हतं, पण नवऱ्याचं तोंड वाचता येत होतं. "काय लिवलं?" तिनं विचारलं. मास्तरांनी सांगितलं. "अगं बया! जित्या आईला? हात झडंल तुमचा!"

"कागदापुरतं गं! तुला कळायचं न्हाय," मास्तर म्हणाले. हेच ते चुकीच्या जागचं वाक्य.

मुआइना झाला. पेशकारांनी खाटेखाटेवर जाऊन विचारलं, तुमचं कुणी आहे का? कोंडीराम भला माणूस, तो आपल्या बैलांची नावं सांगायला लागला. सिताबाईनं प्रश्न न ऐकताच आपल्या गुडघ्यांचं सांगितलं. मग पेशकार अव्वापाशी आले. मास्तरांचा जीव टांगणीला. अव्वाला सांगायचं राहूनच गेलं होतं की मला ओळखायचं नाही.

"अम्मा, मुलगाबिलगा?"

अव्वानं मास्तरांकडं पाहिलं. मग पेशकारांकडं पाहून म्हणाली, "व्हता एक. मदरशात गेला, उर्दू शिकला, तवापासून घरात कुनाला गावला न्हाय."

पेशकारांनी मान हलवली आणि स्वतःच्या हातानं शेरा लिहिला. लावारिस. मुलगा फरार.

कडूबाई पदर तोंडात कोंबून ओवरीबाहेर पळाली. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. साहेब गेल्यावर ते म्हणाले, "अव्वा, असं बोलतात का?" अव्वा दातांशिवाय हसली. "तूच लिवलं न्हवं का कुनी न्हाय म्हून? म्या तुजं खरं केलं."

संध्याकाळी मास्तर तिला न्यायला गेले, तर ती म्हणाली, "राहू दे चार दिस." चार दिवसांचे दोन महिने झाले. आता न्यायची तर कचेरीचा हुकूम लागत होता हे एक कारण. पण खरं कारण अव्वाला तिथं करमत होतं हेच.

त्या ओवरीत काय होतं? पहाटे कडूबाई लिंबाचा पाला टाकून पाणी तापवायची. सगळ्यांना शिव्या देत देत न्हाऊ घालायची. कोंडीरामला कुशीवर वळवून पाठीला तेल लावायची आणि म्हणायची, "बैलाला बी येवढं कुनी चोळत न्हाय, नशीब समज." कोंडीराम पडल्या पडल्या भुईमुगाच्या शेंगा फोडायचा, सिताबाई तूर निवडायची. दुपारी गुडघ्यांवर चर्चा व्हायची, पेशकारांना सांगितली होती अगदी तशी. आणि सकाळी, आंघोळी झाल्या की इरम्मा चाचपडत अव्वाच्या खाटेशी यायची, खाली मांडी घालून बसायची आणि आपला हात अव्वाच्या डाव्या हाताखाली धरायची. इरम्माला दिसत नव्हतं, पण तिचा हात पाटासारखा स्थिर. अव्वाचा हात त्यावर टेकला की कापायचा थांबायचा. अव्वा पूजा करायची, आणि काय काय वाहिलं, लिंगावर पाणी कसं चमकतंय, ते इरम्माला सांगायची. मग तशीच इरम्माची पूजा. एकीचे डोळे, दुसरीचा हात, दोघींची पूजा घटकाभरात. नंतर दोघी दुधात भाकरी कुस्करून खायच्या. अव्वाच्या गालावर थोडं मांस चढलं.

मोहतमीम रोज येत होते. भिंतींच्या भेगा, घागरी, वाकळी, सगळ्याची त्यांनी नोंद ठेवली. फक्त ते यायचे दुपारी, कारण सकाळी कचेरीला पाठवायचा अहवाल लिहायचा असायचा. त्यामुळं तो हात त्यांनी कधी पाहिला नाही. पुढं त्यांना हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागली.

आणि मग दवंडी आली.

कायदा असा, की लावारिस माणसांची यादी गावात जाहीर करायची. कुणी वारस असेल तर त्यानं महिन्यात हजर व्हावं. कचेरीनं यादी पाठवली आणि दवंडीवाल्या रामलिंगानं ढोलकं गळ्यात अडकवलं. रामलिंग हा सरळ माणूस. हुकूम म्हणजे हुकूम. त्यानं वेशीत पिटली, खंडोबाच्या देवळापाशी पिटली, आणि फिरत फिरत मास्तरांच्या दारात आला. मास्तर ओट्यावर बसले होते. रामलिंगानं वाकून "शरनार्थ मास्तर" म्हटलं, एक पाऊल मागं गेला, ढोलकं वाजवलं आणि गळा काढला, "ऐका हो ऐका! लक्ष्मम्मा, वय बहात्तर, लावारिस! मुलगा फरार! कुनाला ठावठिकाना लागल्यास चावडीत वर्दी द्यावी हो ऽऽ!"

समोर धोंडप्पांच्या दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. धोंडप्पांनी तराजू खाली ठेवला आणि मोठ्यानं विचारलं, "रामलिंगा, वर्दी दिली तर काय बक्षीस हाय का रं? मला लागलाय ठावठिकाना."

गाव आठ दिवस हसलं. पोरं मास्तरांना पाहून भिंतीआड लपायची आणि ओरडायची, "फरार आला, फरार आला!" एका लग्नात पंगतीला बसले तर वाढणारा म्हणाला, "मास्तर, पोटभर जेवा, फरारी मानसाला पुढचं जेवन कवा मिळंल काय सांगावं." अठ्ठावीस वर्षांत ज्यांच्यापुढं कुणी मान वर केली नाही, त्यांच्यावर ही वेळ. मास्तरांना अन्न गोड लागेना. पंगतीतून उठले ते कचेरीच्या हुकमाचीही वाट न पाहता त्याच दुपारी ओवरीत गेले आणि म्हणाले, "अव्वा, चल घरी."

"का रं? बरं हाय की हितं."

"लोक हसतात, अव्वा. म्हनतात मास्तरानं आईला मोहताजखान्यात टाकलं."

"आरं, खंडोबा वर्षातले दोन म्हैने नळदुर्गाला जाऊन राहतो. अनदूरच्या मानसांनी त्येला टाकला, असं कुनी म्हनतं का? आनि नळदुर्गची मानसं त्येला लावारिस लिवतात का?"

भोवतीचे सगळे हसले. आणि ज्याच्यावर वर्ग हसला तो शिक्षक फार वाईट. मास्तर चिडून म्हणाले, "देवाचं येगळं. देवाचा लेखी करार असतो. माझी अब्रू जातीया, अव्वा!"

अव्वाचं हसू गेलं. "तुजी अब्रू जातीया म्हनतोस?" ती म्हणाली. "मग चल बाबा. माजं काय." इरम्मानं तिचा हात धरला होता, तो तिनं सोडवून घेतला. दारापर्यंत इरम्मा भिंत चाचपत आली. मास्तर कडूबाईला बाजूला घेऊन म्हणाले, "थोडे दिवस हितल्या कुनी आमच्या घराकडं येऊ नका. लोकांना जरा इसरू द्या." कडूबाई काहीतरी सांगायला गेली. मास्तर म्हणाले, "नंतर, नंतर."

घरी नवी खाट आणली. ओट्यालगतची खोली दिली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हातारी दिसावी. शरणम्मानं जीव लावला, खोटं कशाला बोला. आणि मास्तरांनी काय केलं? अर्ज लिहायला घेतला. रजिस्टरातली नोंद दुरुस्त करायची होती. लावारिस खोडून वारस लिहायचं होतं, फरार खोडून हजर. पण सही झालेल्या रजिस्टरात खाडाखोड गुन्हा. त्याला वेगळी मंजुरी लागते, मंजुरीला पंचनामा, पंचनाम्याला दोन साक्षीदार. गंमत बघा, लक्ष्मम्मा ही रेवणप्पांचीच आई, याला गावात साक्षीदार मिळेना. सगळ्यांना माहीत होतं, पण कागदावर अंगठा द्यायला सगळे भीत होते. धोंडप्पा म्हणाले, "माझं ऐका मास्तर, मी काय तुमच्या जन्माच्या वेळेला हजर न्हवतो." मास्तर पुन्हा कचेरीच्या खेपा घालायला लागले.

इकडं अव्वा सकाळी दार लोटून पूजेला बसायची. जात्यावर कोपर. पण हात आता पूर्वीपेक्षा कापत होता. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी लिंग घसरून मांडीवर आलं, जमिनीवर जाता जाता वाचलं. त्यानंतर तिची डबी उघडायची छातीच होईना. डबी मुठीत धरून ती दुपारपर्यंत बसायची आणि बाहेर येऊन म्हणायची, "भूक न्हाय." पूजा झाली नाही तर जेवायचं कसं? सून विचारायची, "पूजा झाली का अत्त्याबाई?" ती मान हलवायची. त्या हलवण्याचा अर्थ शरणम्मानं 'झाली' असा घेतला. पिकल्या केसांची बाई सुनेला काय सांगणार, की माझा हात धर? तुझी चूल सोड आणि घटकाभर माझ्याजवळ बस? संध्याकाळी कधी घोटभर दूध घ्यायची, तेही डोळ्यांत पाणी आणून. नेम मोडल्याचं पाप वाटायचं तिला.

एकदा, एकदाच, तिनं दाराआडून हाक मारली, "रेवन्या, जरा येतोस का रं?"

मास्तर ओट्यावर 'ब-खिदमत' पर्यंत आले होते. "आलो अव्वा. येवढा अर्ज पुरा करतो."

अर्ज पुरा झाला तेव्हा गाडी दारात उभी होती. मास्तर तालुक्याला गेले. काय हवं होतं ते विचारायचं राहून गेलं, आणि अव्वानं पुन्हा हाक मारली नाही.

म्हातारी वाळत चालली तसा गावाचा सल्ला सुरू झाला. कुणी म्हणालं सुंठ द्या, कुणी म्हणालं दृष्ट काढा. वैद्य काढा देऊन गेला, धोंडप्पांनी स्वतःच्या दुकानातून ओवा पाठवला. सगळा गाव भुकेवर औषध शोधत होता. वीस दिवस असे गेले.

एकविसाव्या दिवशी सकाळी कडूबाई इरम्माला हाताला धरून दारात उभी राहिली. मास्तर म्हणाले, "मी सांगितलं होतं ना—"

"सांगितलं व्हतं," कडूबाई म्हणाली. "लई ऐकलं तुमचं. सरा बाजूला."

इरम्मानं आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं. "मास्तर, येक इचारू? लक्ष्मम्माचा हात कोन धरतंय हितं?"

"हात?" मास्तर म्हणाले. "कसला हात?"

इरम्मा भिंत चाचपत आत गेली, खाटेशी खाली मांडी घालून बसली आणि तिनं हात पुढं केला. अव्वानं डोळे उघडले. तिचा हात कापत कापत आला आणि त्या हातावर टेकला. शरणम्मानं पाणी आणलं, बेलाचं पान आणलं. इतक्या दिवसांनी डबी उघडली. मास्तर उंबऱ्यात उभे होते. पूजा घटकाभरात झाली, आणि अव्वा म्हणाली, "भूक लागली गं." दुधात कुस्करलेली भाकरी तिनं चार घास खाल्ली. मास्तर ओट्यावर येऊन भिंतीकडं तोंड करून बसले आणि पोरासारखे रडले. समोर दुकानात धोंडप्पा होते, त्यांनी काही सल्ला दिला नाही.

मास्तरांना वाटलं, आता सुधारेल. इरम्मा तिथंच राहिली. पुढचे तीन दिवस मास्तर स्वतः बेल आणत होते. पण अंगात काही उरलं नव्हतं. चौथ्या दिवशी पूजा आटोपली आणि अव्वा इरम्माच्या हातावर हात तसाच ठेवून गेली. इरम्मालाच आधी कळलं. ती म्हणाली, "मास्तर, हात कापायचा थांबला."

गावानं रीतीनं, भजन म्हणत, बसवून नेलं. भस्म, बेल, सगळं झालं. रामलिंगानं पुढं ढोलकं वाजवलं, या खेपेला काही न बोलता.

महिन्यानं कचेरीतून पाकीट आलं. दुरुस्ती मंजूर. पंचनाम्यावाचूनच पेशकारांनी स्वतः शेरा मारला होता, 'मुलगा हजर, नोंद बदलावी.' मास्तरांनी रजिस्टर काढलं, टाक बुडवला. चौथ्या ओळीवर त्यांचंच सुंदर अक्षर होतं. लावारिस. ते बराच वेळ बघत बसले. ही नोंद केली त्या दिवशी ती खोटी होती. पुढं दोन महिने ओवरीतही ती खोटीच होती. घरी आणलं त्या दिवशी ती खरी झाली, आणि मुलगा तर ओट्यावर बसूनच फरार होता. मास्तरांनी टाक पुसला आणि रजिस्टर मिटलं. नोंद तशीच आहे.

दुसऱ्या दिवशी ते सकाळी ओवरीत गेले. मोहतमीम झाल्यापासून सकाळी पहिल्यांदाच. पाण्याची वाफ निघत होती, कडूबाई कोंडीरामला शिव्या देत होती. अव्वाच्या खाटेवर आता धोंडप्पांची आई होती. धोंडप्पांनी तिला स्वतः उचलून आणलं होतं, आणि रजिस्टरात काय लिहायचं ते लिहा म्हणाले होते. खाली इरम्मा बसली होती, सवयीनं हात पुढं धरून. हातावर काहीच नव्हतं.

मास्तर तिच्यासमोर खाली बसले. गळ्यातली डबी काढली. पेन्शनीत निघाल्यापासून त्यांनी ती रोज घाईघाईनंच उघडली होती. त्यांनी लिंग डाव्या हातावर घेतलं आणि हात इरम्माच्या हातावर टेकवला.

इरम्मा म्हणाली, "मास्तर, तुमचा बी हात कापतोय की."

"व्हय," मास्तर म्हणाले.

"असू द्या," इरम्मा म्हणाली. "म्या धरलाय."